पिल्लांची पिढी आणि मालकांची नोंदवही

इंग्लंडमधील सर्वसाधारण पशुवैद्यकीय दवाखान्यांतील नोंदींच्या आधारे २०१८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ या प्रकल्पात जमा झालेल्या या नोंदी होत्या. तीन वर्षांच्या आत मरण पावलेल्या कुत्र्यांपैकी ३३.७ टक्के कुत्र्यांच्या मृत्यूचे मूळ कारण रोग हे नव्हते, तर त्यांचे ‘नकोसे वर्तन’ हे होते. त्यातही आक्रमकपणा सर्वांत वर होता. यांपैकी बहुतेकांना मालकाच्या संमतीने इंजेक्शन देऊन संपवण्यात आले. म्हणजे ज्या देशात श्वानप्रेमाचा एवढा गवगवा आहे, जेथे प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धचे कायदे जगातील सर्वांत जुन्या कायद्यांपैकी आहेत, तेथे तरुण कुत्र्यांच्या दर तीन मृत्यूंतील एक मृत्यू हा कुत्रा ‘बिघडला’ म्हणून होतो.

कुत्रा बिघडतो म्हणजे नेमके काय होते आणि केव्हा होते? दवाखान्याच्या कागदांत याचे उत्तर सापडत नाही. पशुवैद्यकाकडे कुत्रा येतो तो बिघडल्यानंतर. त्याच्या आधीचे वर्ष-दीड वर्ष, पिल्लू घरी आले ती रात्र, त्याला कोठे झोपवले, चपला कुरतडल्या तेव्हा घरातल्यांनी काय केले, किती तास ते एकटे राहिले, हा सारा तपशील कोणीही लिहून ठेवलेला नसतो. मालकाला विचारावे, तर तो आठवून सांगणार. आणि एकदा कुत्र्याने शेजाऱ्याच्या मुलाला चावा घेतला की मालकाच्या आठवणीही त्या घटनेच्या रंगाने रंगलेल्या असतात. ‘पहिल्यापासूनच तसा होता,’ असे तो म्हणतो. ते खरे आहे की नाही, हे पडताळण्याचा मार्ग उरत नाही.

यावर उपाय एकच. पिल्लू बिघडण्याच्या आधीपासून, म्हणजे ते घरी आल्या दिवसापासून, नोंदी ठेवायच्या आणि वाट पाहायची. ‘डॉग्ज ट्रस्ट’ या ब्रिटिश संस्थेने ब्रिस्टल विद्यापीठाच्या साहाय्याने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘जनरेशन पप’ या अभ्यासामागची कल्पना एवढी साधी आहे. ब्रिटन आणि आयर्लंड प्रजासत्ताकातील ज्या घरांत सोळा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आहे, अशा मालकांना नाव नोंदवण्याचे आवाहन करण्यात आले. लक्ष्य होते दहा हजार पिल्लांचे. जात कोणतीही असो, संकर असो, पिल्लू ब्रीडरकडून आणलेले असो वा निवारा केंद्रातून, अट होती ती केवळ वयाची. त्यानंतर मालकाने ठरावीक टप्प्यांवर प्रश्नावली भरायची. आधी काही आठवड्यांच्या, मग काही महिन्यांच्या अंतराने आणि पुढे कुत्रा जगेल तोवर. काही मालकांकडून लाळेसारखे जैविक नमुनेही मागवले जातात. २०२० च्या अखेरीपर्यंत सुमारे ६,७०० पिल्लांची नोंद झाली होती.

‘डॉग्ज ट्रस्ट’ ही काही नवी संस्था नव्हे. १८९१ मध्ये ‘नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीग’ या नावाने तिची स्थापना झाली, २००३ मध्ये तिने नाव बदलले. कुत्रा हा नाताळपुरता नसतो, तो आयुष्यभरासाठी असतो, या आशयाचे जे घोषवाक्य ब्रिटनमध्ये घराघरांत पोहोचले, ते याच संस्थेचे, १९७८ सालचे. नाताळात भेट म्हणून आलेली आणि काही महिन्यांत नकोशी झालेली कुत्री सांभाळणे हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. अशा संस्थेने निवारा केंद्रांच्या जोडीला वीस-वीस वर्षे चालणाऱ्या प्रश्नावलीत पैसा घालावा, याचा अर्थ स्पष्ट आहे. दारात सोडली जाणारी कुत्री सांभाळून प्रश्न सुटत नाही, हे तिच्या लक्षात आले आहे.

ब्रिस्टलचा वारसा

या अभ्यासात ब्रिस्टल विद्यापीठ असणे हा योगायोग नाही. १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत ब्रिस्टल व परिसरात प्रसूत होणाऱ्या चौदा हजारांहून अधिक गर्भवतींना घेऊन या विद्यापीठाने एक पाहणी सुरू केली. ‘नव्वदीची मुले’ या नावाने ती ब्रिटनमध्ये ओळखली जाते. ती मुले आता तिशी ओलांडून गेली, त्यांची मुलेही त्याच पाहणीत आली. आईने गर्भारपणात काय खाल्ले इथपासून मुलाच्या अंगाला कोणते मलम लावले इथपर्यंत सारे त्यात नोंदले गेले. शेंगदाण्याच्या तेलाचा अंश असलेली मलमे तान्ह्या बाळांच्या कातडीला लावणे आणि त्यांना पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होणे यांचा संबंध २००३ मध्ये दाखवून दिला गेला, तो या नोंदींमुळे. मलमाचा प्रश्न विचारला गेला तेव्हा ते उत्तर पुढे कशासाठी उपयोगी पडेल, याची कोणाला कल्पना असण्याचे कारण नव्हते. अशा अभ्यासांचे बळ नेमके यात असते.

मराठी वाचकाला यासाठी ब्रिस्टलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांपासून जो अभ्यास सुरू केला, तो याच जातकुळीचा. भारतीय बाळ वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेले जन्मते आणि मधुमेहाची बीजे तेथेच शोधावी लागतात, हा विचार त्या नोंदींतून पुढे आला. त्या गावांतील मुले मोठी होऊन त्यांचे संसार सुरू झाले तरी पाठपुरावा सुटला नाही. संशोधनाच्या जगात अशा चिकाटीची किंमत फार मोठी आहे.

माणसांच्या अशा अभ्यासात मात्र एक अडचण असते. अभ्यास सुरू करणारा शास्त्रज्ञ त्याचा शेवट पाहत नाही. कुत्र्याचे आयुष्य सरासरी बारा वर्षांच्या आसपास. ‘डॉग्ज ट्रस्ट’च्याच संशोधकांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवरून काढलेले मध्यमान साडेबारा वर्षांचे होते. त्यामुळे पिल्लापासून म्हातारपणापर्यंतचे संपूर्ण आयुष्य एकाच संशोधकाच्या नोकरीच्या काळात पाहता येते. २०१६ मध्ये नाव नोंदवलेली पहिली पिल्ले आता वार्धक्याकडे झुकली आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१० मध्ये मांजरांच्या पिल्लांचा असाच अभ्यास सुरू केला होता आणि त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठाने लॅब्रेडॉर जातीपुरता ‘डॉग्जलाइफ’ हा अभ्यास हाती घेतला. जनरेशन पपचे वेगळेपण असे, की त्यात जातीची मर्यादा नाही आणि आरोग्याइतकाच भर वर्तनावर आहे.

झोपेचा हिशेब

आतापर्यंत हाती आलेल्या निष्कर्षांपैकी काही अगदी घरगुती आहेत. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, असे सर्रास सांगितले जाते. जनरेशन पपमधील मालकांनी नोंदवलेले तास २०२० मध्ये मोजले गेले, तेव्हा सोळा आठवड्यांचे पिल्लू दिवसरात्र मिळून सुमारे अकरा तास झोपते, असे दिसले. वर्षाच्या कुत्र्याची झोप याहून थोडी कमी भरली. पिल्लू दिवसा जास्त आणि रात्री कमी झोपते, मोठे झाल्यावर ते रात्रीचे झोपायला शिकते आणि निवड करू दिली तर माणसांच्या जवळपास झोपणे पसंत करते, असेही आढळले.

येथे जरा थांबायला हवे. हे तास मोजले कोणी? मालकाने. मालक कामावर असताना, किंवा रात्री स्वतः झोपेत असताना, पिल्लू झोपले होते की दाराकडे डोळे लावून पडले होते, हे त्याला कसे कळणार? संशोधकांनाही ही मर्यादा ठाऊक आहे. तरीही या आकड्याला महत्त्व आहे, कारण ‘अठरा-वीस तास’ या प्रचलित समजुतीमागे एवढ्याही नोंदींचे पाठबळ क्वचितच दिले जाते. पिल्लाला आणखी झोपायला हवे, म्हणून त्याला कोंडून ठेवणारे मालक असतात आणि पिल्लू झोपत नाही म्हणून आजारी समजून धावपळ करणारेही असतात. दोघांनाही हा आकडा उपयोगी आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे आणि तो शहरी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. घरात एकटे सोडले की काही कुत्री येरझाऱ्या घालतात, केकाटतात, सोफा फाडतात, दारावर पंजे मारून नखे रक्तबंबाळ करून घेतात. शेजारी तक्रार करतात, मालक हैराण होतो आणि कुत्र्याची रवानगी निवारा केंद्रात होते. जनरेशन पपमधील १४५ पिल्लांच्या नोंदी अभ्यासून २०२४ मध्ये जो शोधनिबंध आला, त्यात सहा महिन्यांच्या वयात ४६.९ टक्के पिल्लांमध्ये अशा वर्तनाची लक्षणे आढळली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. त्यांतील बहुतेकांची लक्षणे येरझाऱ्या आणि कुंईकुंई यांसारखी सौम्य असतील हे खरे, पण पिल्लू शांत पडून आहे असे समजून निर्धास्तपणे कामावर जाणाऱ्या मालकाने विचारात पडावे, एवढा हा आकडा मोठा आहे.

या १४५ पिल्लांचे सोळा आठवड्यांपर्यंतचे आयुष्य आधीच नोंदलेले होते. त्यामुळे मागे वळून पाहता आले. ज्या पिल्लांना रात्री क्रेटमध्ये किंवा एका खोलीत मर्यादित जागेत ठेवले जात होते आणि ज्यांना रात्री किमान नऊ तास झोप मिळत होती, त्यांच्यात ही बेचैनी कमी आढळली. ज्यांना शिकवताना शिक्षा, ओरडणे, धाक यांचा वापर झाला होता, त्यांच्यात ती अधिक होती. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करील. मालक घरी परतला, पिल्लाने काही ‘प्रताप’ केलेला दिसला आणि त्याने पिल्लाला जवळ घेऊन त्याचे लाड केले, अशा पिल्लांमध्ये हे वर्तन आढळण्याची शक्यता सहा पटींनी जास्त होती. मारणारा मालक जसा चुकतो तसाच कुरवाळणाराही चुकत असावा, असा याचा अर्थ निघतो.

‘असावा’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. १४५ ही संख्या लहान आहे. आणि बेचैन पिल्लू पाहूनच मालक त्याला अधिक कुरवाळतो, की कुरवाळल्यामुळे ते बेचैन होते, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. वर्तमानपत्रांनी अशा निष्कर्षांचे मथळे करताना ‘संबंध’ आणि ‘कारण’ यांतील फरक वारंवार पुसून टाकला आहे, हा दोष आम्हा बातमीदारांच्या पदरात पडतो. तरीही नोंदी आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम पाळला गेल्याने या निष्कर्षाचे वजन केवळ आठवणींवर आधारलेल्या पाहणीपेक्षा जास्त आहे.

कोण लिहितो, कोण लिहीत नाही

अशा अभ्यासांतील सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यांत कोण येते ही. नाव नोंदवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वेळ काढून लांबलचक प्रश्नावली भरणारा, पिल्लाला लस कधी दिली ते कॅलेंडरवर लिहून ठेवणारा, संशोधनाला हातभार लावावा असे वाटणारा मालक हा सर्वसाधारण मालक नव्हे. ज्याने रस्त्याकडेला गाडीच्या डिकीतून पिल्लू विकत घेतले आणि चार महिन्यांत ते दुसऱ्याच्या गळ्यात मारले, तो या यादीत सापडणे कठीण. जो कुत्र्याला पट्ट्याने मारतो, तो ‘आपण कुत्र्याला मारता का?’ या प्रश्नापुढे खूण करील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तेव्हा या अभ्यासात दिसणारे दुःख हे चांगल्या घरांतील दुःख आहे, हे ध्यानात घेऊन आकडे वाचायला हवेत. चांगल्या घरांत जर निम्मी पिल्ले एकटेपणी बेचैन होत असतील, तर उरलेल्या घरांचे काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

याखेरीज गळतीचा प्रश्न आहे. पिल्लू घरी आल्यावर उत्साह असतो. तीन महिन्यांच्या पिल्लाची प्रश्नावली आनंदाने भरली जाते. सहा वर्षांच्या कुत्र्याची प्रश्नावली कामाच्या गर्दीत तशीच राहते. त्यातून घटस्फोट होतात, घरे बदलतात, कुत्रा दुसऱ्याकडे जातो. ज्या कुत्र्यांचे आयुष्य विस्कटते, त्यांचेच मालक लिहिणे थांबवतात, ही यातली खरी मेख आहे. अभ्यासाला ज्यांची माहिती सर्वांत जास्त हवी, नेमकी तीच आधी निसटतात. शिवाय दर काही महिन्यांनी कोणी तरी ‘तुमचा कुत्रा अनोळखी माणसाला पाहून काय करतो?’ असे विचारत असेल, तर मालक कुत्र्याकडे अधिक बारकाईने पाहू लागतो. पाहता पाहता वागणूकही सुधारते. कुत्र्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने ती अडचण ठरते.

अमेरिकेतील ‘मॉरिस ॲनिमल फाउंडेशन’ने यातून वेगळा मार्ग काढला. त्यांनी एकच जात निवडली, गोल्डन रिट्रीव्हर. २०१२ ते २०१५ या काळात सहा महिने ते दोन वर्षे वयाची ३,०४४ कुत्री नोंदवली गेली. येथे केवळ मालकाच्या शब्दावर विसंबून न राहता दरवर्षी पशुवैद्यकाकडून तपासणी आणि रक्त, मूत्र, विष्ठा, केस, नखे यांचे नमुने घेण्याची सोय करण्यात आली. या जातीत कर्करोगाचे प्रमाण फार आहे आणि त्याची कारणे शोधणे हा मुख्य हेतू होता. परंतु वाटेत इतर गोष्टीही हाती आल्या. नसबंदी केलेली कुत्री लठ्ठ होण्याची शक्यता पन्नास ते शंभर टक्क्यांनी अधिक आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली, तर सांध्यांच्या व अस्थिबंधांच्या दुखापतींचा धोकाही बराच अधिक, असे २०१९ मध्ये या अभ्यासातून पुढे आले. नसबंदी जितकी लवकर तितकी बरी, हा अमेरिकी पशुवैद्यकांचा वर्षानुवर्षांचा सल्ला. निदान मोठ्या चणीच्या कुत्र्यांबाबत त्याचा फेरविचार त्यामुळे भाग पडला.

अमेरिकेतीलच ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ आकाराने याहून कितीतरी मोठा. त्यात पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद झाली आहे आणि जमा झालेली माहिती इतर संशोधकांना खुली आहे. मात्र त्याची कहाणी वेगळ्या अर्थाने बोलकी आहे. २०१८ पासून ज्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे तेथील राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या, अनुदानावर तो उभा होता, ते अनुदान पुढे चालू राहण्याची शक्यता नाही, असे २०२४ च्या सुरुवातीला संचालकांना जाहीर करावे लागले. त्यांनी सार्वजनिक आवाहने केली, पैसा उभा करण्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. त्याच वर्षी एका औषधाच्या चाचणीपुरते सत्तर लाख डॉलर मिळाले. पण हजारो मालकांनी वर्षानुवर्षे भरलेल्या प्रश्नावल्या एका फेरआढाव्यात अधांतरी लटकू शकतात, हे दिसून आले. दीर्घकालीन अभ्यासाला दीर्घकालीन पैसा लागतो आणि सरकारे पाच वर्षांपलीकडे पाहत नाहीत. या बाबतीत देणग्यांवर चालणारी ब्रिटिश संस्था अधिक स्थिर ठरली, ही गोष्ट सरकारी अनुदानाचा आग्रह धरणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी.

पुरावा आणि कायदा

या संशोधनाचा खरा कस कायद्याच्या दारात लागतो. पिल्लांच्या ‘कारखान्यां’ना आळा घालण्यासाठी ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लांच्या दलालामार्फत विक्रीवर बंदी आली. ज्याने पैदास केली, त्याच्याकडूनच पिल्लू घ्यायचे, असा हा कायदा. पिल्लाचे पहिले काही आठवडे कसे जातात याला महत्त्व आहे, हे त्यामागचे गृहीतक आणि त्याला संशोधनाचा आधार होता. त्याउलट, चाव्यांच्या काही भीषण घटनांनंतर ‘एक्सएल बुली’ या प्रकारच्या कुत्र्यांवर इंग्लंड आणि वेल्समध्ये घाईघाईने बंदी घालण्यात आली. ३१ डिसेंबर २०२३ पासून पैदास व विक्री बंद, तर १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राविना असा कुत्रा बाळगणे गुन्हा. लोकांची भीती खरी होती, मृत्यूही खरे होते. पण कुत्रा जातीमुळे हिंस्र होतो की वाढवण्यामुळे, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच निकाल लागला. डोक्याची रुंदी आणि खांद्याची उंची मोजून कुत्रा धोकादायक ठरवणे सोपे असते. तो कोणत्या घरात, कसा वाढला, हे मोजायला दहा वर्षे लागतात आणि संसदेला तेवढा वेळ नसतो.

भारतात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. येथे घरात पाळलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत कायद्याने काही पायाभूत गोष्टी केल्या आहेत. २०१७ च्या श्वान पैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांचा कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो. तरीही सोसायटीच्या दारात पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू टोपलीत घेऊन येणारा विक्रेता कोणी पाहिला नाही? पती-पत्नी दोघेही नोकरीला, फ्लॅट बंद आणि आत दिवसभर एकटे पिल्लू, हे चित्र ठाण्यात, कोथरूडमध्ये किंवा नवी मुंबईत नवीन राहिलेले नाही. ब्रिस्टलचे आकडे या फ्लॅटना जसेच्या तसे लागू पडतील असे मात्र म्हणता येणार नाही. तेथे बाग आहे, थंडी आहे, क्रेटची सवय आहे. येथे लिफ्ट आहे, उकाडा आहे आणि घरात कुत्र्याला कंटाळून न जाणारी आजी असू शकते.

आणि येथील बहुसंख्य पिल्लांना मालकच नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदवली गेली, त्यांपैकी महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजारांच्या आसपास. गणना डोकी मोजते, आयुष्ये मोजत नाही. ज्या कुत्र्याला मालक नाही, त्याची प्रश्नावली कोण भरणार?

याचे एक उत्तर कोलकात्याजवळच्या ‘आयसर’ संस्थेत प्रा. अनिंदिता भद्रा यांच्या प्रयोगशाळेने शोधले. मालकाची जागा तेथे विद्यार्थ्यांनी घेतली. पाच वर्षे त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची वेते शोधून काढली, प्रत्येक पिल्लू ओळखले आणि त्याचे काय होते ते नोंदत राहिले. ९५ वेतांतील ३६४ पिल्ले. २०१६ मध्ये म्हणजे जनरेशन पप सुरू झाला त्याच वर्षी, हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सातव्या महिन्यापर्यंत, म्हणजे प्रजननाच्या वयापर्यंत, पोहोचली ती केवळ १९ टक्के पिल्ले. आणि जी गेली, त्यांतील ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. ब्रिस्टलच्या प्रश्नावलीत सहा महिन्यांच्या पिल्लाला एकटेपणी कसे वाटते, हे विचारले जात होते. बंगालच्या रस्त्यावर त्या वयाला पोहोचणे हाच अपवाद होता.

या अभ्यासाची आठवण २०२५ मध्ये व्हायला हवी होती. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. ठिकठिकाणी निदर्शने झाली. २२ ऑगस्ट रोजी तीन सदस्यीय खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री होती तेथेच सोडावीत, मात्र रेबीज झालेली वा आक्रमक वर्तन करणारी सोडू नयेत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांमधून कुत्री हटवण्याचा आणि तेथे पुन्हा न सोडण्याचा आदेश आला. चावा सोसलेल्या मुलांची, रेबीजने गेलेल्या माणसांची बाजू न्यायालयापुढे होती आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. कुत्र्यांची बाजूही मांडली गेली. दोन्ही बाजूंकडे तळमळ होती. आपल्या शहरांतील एखादे पिल्लू कोणत्या परिस्थितीत आक्रमक कुत्रा होते, याची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंदवही मात्र कोणाकडेच नव्हती.

रेबीज झालेला कुत्रा ओळखण्याच्या वैद्यकीय कसोट्या आहेत. ‘आक्रमक’ कुत्र्याची कसोटी काय, हा प्रश्न आदेशानंतर लगेच उपस्थित झाला. पिल्ले जवळ असताना गुरगुरणारी कुत्री आक्रमक म्हणायची का? दगड मारणाऱ्याच्या अंगावर जाणारा, पण रोज खाणे घालणाऱ्या बाईच्या मागे शेपूट हलवत फिरणारा कुत्रा कोणत्या वर्गात बसतो? गेल्या वर्षी तो असाच होता, की रस्त्याचे काम सुरू होऊन त्याची जागा गेली तेव्हापासून असा झाला? जनरेशन पपच्या मालकांना यासारख्याच प्रश्नांची उत्तरे ठरावीक महिन्यांनी लिहावी लागतात आणि संशोधक त्यांचा अर्थ लावायला अनेक वर्षे घेतात. आपल्याकडे महापालिकेच्या गाडीतून जाळे घेऊन उतरलेल्या कर्मचाऱ्याला तो निर्णय रस्त्यावर, बघ्यांच्या गर्दीत, काही मिनिटांत घ्यावा लागतो.